सोसायटी ऑनलाइन झाली, मग बाबांच्या कर्जाचा खरा आकडा कोणता?

हा या वेळच्या भागाचा लिहून काढलेला मजकूर. ज्यांना गाडीवर जाताना ऐकायला जमलं नाही, किंवा रेंज गेली आणि मधलंच तुटलं, त्यांच्यासाठी. बोलताना जिथं फार पाल्हाळ लागलं ते काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

विषय तुमच्याच मेसेजमधून आला. एका श्रोत्याने विचारलं होतं, "आमच्या गावची सोसायटी ऑनलाइन झाली म्हणे, कॉम्प्युटर आला, अंगठ्याचं मशीन आलं. मग माझ्या बाबांचं कर्ज मला मोबाईलवर का दिसत नाही?" प्रश्न साधा वाटतो. पण त्याचं उत्तर द्यायचं तर सोसायटीची वही कशी चालते, ती वही दिल्लीपर्यंत जोडायची म्हणजे नेमकं काय करायचं, आणि त्यात तुमच्या घरचं काय अडकलंय हे सगळं उलगडावं लागतं.

मी राणीसावरगावचा. गंगाखेड तालुका, परभणी जिल्हा. रेणुकादेवीच्या यात्रेमुळे गाव माहीत असेल तुम्हाला. आमच्याकडं "सोसायटी" म्हटलं की पुण्या-मुंबईसारखी फ्लॅटची सोसायटी कुणाच्या डोक्यात येत नाही. सोसायटी म्हणजे विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटी. पीक कर्ज देणारी, कुठं खत-बियाणं विकणारी, कुठं रेशन दुकान चालवणारी, आणि निवडणूक आली की गाव दोन गटात वाटणारी.

पैसा कुठून येतो, नोंद कुठं होते

आधी पैशाचा रस्ता बघू. नाबार्डकडून पैसा महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेकडं, तिथून परभणी जिल्हा मध्यवर्ती बँकेकडं (हिंगोली १९९९ साली वेगळा जिल्हा झाला, पण जिल्हा बँक दोघांची एकच राहिली), तिथून गावच्या सोसायटीकडं, आणि सोसायटीतून सभासदाकडं. आता यातली मेख बघा. जिल्हा बँकेच्या कर्जाच्या वहीत कर्जदार कोण असतो? तुमचे बाबा नाहीत. कर्जदार असते सोसायटी. बँकेला दिसतं की अमुक सोसायटीकडून इतके लाख येणं आहे. त्या लाखात बाबांचे किती, काकांचे किती, ही फोड फक्त सोसायटीच्या खतावणीत असते. रक्कम बँकेतल्या बचत खात्यात पडते म्हणून आपल्याला वाटतं कर्ज बँकेचं आहे. पण देणं लिहिलं जातं सोसायटीत.

म्हणून बँका कोअर बँकिंगवर जाऊन दहा-बारा वर्षं झाली, एटीएम कार्ड आलं, तरी तुमच्या बाबांचं पीक कर्ज वहीतच राहिलं. साखळीतला शेवटचा आणि सगळ्यात महत्त्वाचा कडा कागदावर.

ही वही लिहितो गटसचिव. नावातच "गट" आहे, कारण एका माणसाकडं बऱ्याच वेळा तीन-चार गावांच्या सोसायट्या असतात. सोमवारी या गावात, बुधवारी त्या गावात. रोजचे जमा-खर्च रोजकीर्दीत. तिथून प्रत्येक नोंद खतावणीत, म्हणजे ज्याच्या त्याच्या खात्यावर. महिन्याच्या शेवटी सगळ्या खात्यांच्या बाकी जुळवून तेरीज. वर्षाच्या शेवटी ताळेबंद. हे शब्द जुनाट वाटतील, पण तुमच्या टॅलीत डेबुक, लेजर, ट्रायल बॅलन्स आणि बॅलन्स शीट आहे ना, तेच. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळापासून चालत आलेलं. कीर्द लिहिली पण खतावणीत चढवायची राहिली, की तिथंच गोंधळाचं बी पडलं. तीन गावं सांभाळणाऱ्या माणसाकडून असं होतं. त्यात चोरीच असते असं नाही, बऱ्याचदा नुसती उद्याची ढकल असते.

कर्जमाफीने भांडं फोडलं

वही कागदावर आहे याचा त्रास तोवर कुणाला फारसा झाला नव्हता. झाला तो २०१७ मध्ये. छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आली, दीड लाखापर्यंतची कर्जमाफी. सरकारने शेतकऱ्यांकडून ऑनलाइन अर्ज मागवले आणि बँकांकडून प्रत्येक कर्जदाराची माहिती ६६ रकान्यांत मागितली. आता ही माहिती होती कुठं? गटसचिवाच्या कपाटात. रात्र-रात्र बसून खतावण्या काढून एक्सेलमध्ये भरल्या. त्या वेळी "ग्रीन लिस्ट" हा शब्द आपल्याकडं लहान पोरांनाही पाठ झाला होता. नाव लिस्टमध्ये आहे का, असेल तर रक्कम बरोबर आहे का, आधार जुळतंय का.

पुढं डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना जाहीर झाली, २ लाखांपर्यंत. फेब्रुवारी २०२० मध्ये पहिल्या याद्या लागल्या. यादीत नावापुढं एक विशिष्ट क्रमांक, तो घेऊन सेवा केंद्रावर अंगठा द्यायचा, आणि स्क्रीनवर जी रक्कम दिसते ती मान्य का अमान्य ते सांगायचं. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी वडिलांना गाडीवर बसवून नेलं असेल. तिथं पहिल्यांदाच कित्येक शेतकऱ्यांना आपलं कर्ज सरकारच्या हिशेबाने किती आहे हे कळलं. आणि मनातल्या आकड्याशी ते जुळेलच असं नव्हतं.

२०२२ : सगळ्यांना एकच प्रणाली

२९ जून २०२२ ला केंद्राने देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे आपल्या भाषेत सोसायट्यांच्या, संगणकीकरणाला मंजुरी दिली. खर्च २,५१६ कोटी, मुदत पाच वर्षं. एका सोसायटीमागं साधारण चार लाख रुपये. काम नाबार्डकडं. महाराष्ट्राच्या वाट्याला १२ हजारांच्या आसपास सोसायट्या आल्या.

याआधी काही राज्यांनी आपापल्या परीने सोसायट्यांना कॉम्प्युटर दिले होतेच. पण प्रत्येकाचं सॉफ्टवेअर वेगळं, आणि ते जिल्हा बँकेशी जोडलेलं नाही. म्हणजे वहीच्या जागी कॉम्प्युटर आला, पण कॉम्प्युटरही कपाटासारखाच बंद. या वेळी ठरलं की देशभर सॉफ्टवेअर एक, हिशेबाची पद्धत एक, खात्यांची नावं एक, आणि सोसायटी ते नाबार्ड असा सगळा रस्ता जोडलेला. गावात केलेली नोंद वर दिसली पाहिजे.

ऐकायला हे सोपं आहे. करायला बसलं की कळतं.

जुनी वही आत कशी जाते

हा भाग मला सगळ्यात जास्त सांगायचा आहे, कारण बातमीत "संगणक वाटप" एवढाच फोटो येतो. खरं काम त्या फोटोनंतर सुरू होतं.

पहिल्यांदा एक तारीख ठरवावी लागते. त्या तारखेपर्यंत वही, त्याच्या पुढं कॉम्प्युटर. सहसा ३१ मार्च धरतात, कारण त्या दिवशीच्या आकड्यांचं लेखापरीक्षण झालेलं असतं. मग त्या दिवशीची तेरीज आत टाकायची: भागभांडवल किती, ठेवी किती, बँकेचं देणं किती, सभासदांकडून येणं किती, गोदामात खताच्या पिशव्या किती. इथपर्यंत एक-दोन दिवसांचं काम.

मग प्रत्येक सभासद. नाव, आधार, गट नंबर, क्षेत्र, शेअर्स, कर्जाची तारीख, मुद्दल, व्याज, शेवटचा भरणा. आणि इथं एक साधी अट असते. सगळ्या सभासदांच्या बाक्यांची बेरीज आणि तेरजेतला "सभासदांकडून येणे कर्ज" हा एक आकडा, दोन्ही सारखे यायला पाहिजेत.

समजा तेरीज म्हणते १ कोटी २० लाख. सभासदांच्या खात्यांची बेरीज येते १ कोटी १८ लाख ६० हजार. १ लाख ४० हजार कुठं गेले?

आता शोध. एखाद्याने भरलेले पैसे त्याच्या खात्यावर उतरवले, पण मुख्य खात्यात कमी केलेच नाहीत. एक सभासद वारला, त्याचं पान वेगळ्या वहीत बांधलंय, बेरजेत धरलंच नाही. एकाच नावाचे दोघं, एकाचा भरणा दुसऱ्याच्या पानावर. (हे फक्त बेरजेवरून कधीच सापडत नाही बरं का, कारण बेरीज बरोबरच येते. ते सापडतं सभासद भांडायला आल्यावर.) वहीत नाव "ज्ञानोबा", आधारवर "ज्ञानेश्वर", सातबारावर बापाचंच नाव. माणूस एक, कागद तीन. गावात हे सगळ्यांना माहीत असतं. कॉम्प्युटरला माहीत नसतं.

सापडलं नाही तर? दोन वाटा आहेत. एक, फरक एका सस्पेन्स खात्यात टाका, नोंद करा की हे अजून शोधायचं आहे, आणि पुढं चला. दुसरी, आकडा "बसवा". म्हणजे कुठल्यातरी खात्यात थोडं वाढवून, कुठं कमी करून बेरीज जुळवून टाका. मुदत जवळ आली, वरून रोज फोन येतोय की किती टक्के झालं, तेव्हा दुसऱ्या वाटेचा मोह होतो. माझं स्पष्ट मत आहे की सस्पेन्स खात्यात मोठा आकडा दिसणारी सोसायटी ही पहिल्याच दिवशी पैशाला पैसा जुळलेल्या सोसायटीपेक्षा जास्त विश्वासाची. पन्नास वर्षांची वही इतकी गोड जुळत नसते.

अनिष्ट तफावत : नाव लक्षात ठेवा

सहकारात एक शब्द आहे, "अनिष्ट तफावत". सोसायटी बँकेला जेवढं देणं लागते, तेवढं तिला सभासदांकडून येणंच नसतं. मधलं अंतर म्हणजे अनिष्ट तफावत. सगळ्या सभासदांनी उद्या पैशाला पैसा फेडला तरी सोसायटी बँकेची बाकीदार राहणार.

हे कसं होतं? लोकांना वाटतं कुणीतरी खाल्ले. कधी खाल्लेले असतातही. पण कुणी न खाता कसं होतं ते बघा, कारण ते समजलं तर एका ठिकाणी हिशेब ठेवण्याचा मुद्दाच समजतो.

समजा एका सभासदाकडं ५० हजार मुद्दल आणि ८ हजार व्याज आहे. त्याने २० हजार भरले. सोसायटीने त्याच्या खात्यावर सगळे मुद्दलात जमा केले. मुद्दल राहिलं ३० हजार, व्याज ८ हजार, एकूण ३८ हजार. तेच २० हजार बँकेत गेले. बँकेने आधी व्याज कापलं, ८ हजार. उरलेले १२ हजार मुद्दलात. बँकेच्या वहीत मुद्दल राहिलं ३८ हजार. आज दोन्हीकडं एकूण ३८ हजारच आहे, भांडण नाही. पण पुढच्या वर्षी १० टक्क्यांनी व्याज लावा. सोसायटीत ३० हजारांवर ३ हजार, बँकेत ३८ हजारांवर ३,८००. एका सभासदामागं ८०० रुपयांचं अंतर. असे ३०० सभासद धरले तर वर्षाला २ लाख ४० हजार. कुणी एक रुपया चोरला नाही, आणि सोसायटी दरवर्षी खड्ड्यात चालली.

त्यात भर म्हणजे वसुलीच्या पैशातूनच पगार, स्टेशनरी, भाडं भागवायची सवय. थकबाकीवर बँक व्याज चढवते, सोसायटी सभासदाला चढवत नाही किंवा उशिरा चढवते. असं करत करत पंधरा-वीस वर्षांत आकडा मोठा होतो. मग बँक अशा सोसायटीला नवं कर्ज देताना हात आखडता घेते. जो दरवर्षी वेळेत फेडतो तोही त्यात अडकतो.

दोन वेगळ्या वह्या, दोन वेगळ्या पद्धती, हे तफावतीचं मोठं कारण. हिशेबाची पद्धत एक झाली, व्याज एकाच नियमाने निघालं, तर नवी तफावत तयार व्हायची थांबते किंवा निदान ती रोजच्या रोज दिसते. जुनी मात्र आपोआप मिटत नाही. ती फक्त उजेडात येते. आणि ज्यांच्या काळात ती झाली ते बऱ्याचदा अजून संचालक मंडळात बसलेले असतात, म्हणून काही ठिकाणी "आमच्याकडं नेट नाही हो" हे कारण जरा जास्त दिवस चालतं.

दिवस बंद झाला की बंद

वहीत आणि प्रणालीत दुसरा मोठा फरक आहे तारखेचा. वहीत ३१ मार्चची नोंद ५ एप्रिलला लिहिता येते. पेन तेच, शाई तीच. अशा प्रणालीत रोज संध्याकाळी "डे-एंड" करतात, म्हणजे तो दिवस कुलूप लावून बंद. मागच्या तारखेला जाऊन काही घुसवायचं तर सहज जमत नाही.

आता आपल्याकडचं "नवं-जुनं" आठवा. मार्चअखेर आली की जुनं कर्ज भरल्याचं दाखवायचं आणि लगेच नवं उचलायचं. कुणी खरोखर दोन दिवसांसाठी सावकाराकडून किंवा पाहुण्यांकडून उसने आणून भरतं, कुणाचं नुसतं कागदावरच होतं. मुदतीत फेडलं तर फायदा मोठा आहे. केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजना मिळून ३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडणाऱ्याला शून्य टक्क्याने पडतं. तारीख चुकली तर सवलत गेली. १ लाखावर ७ टक्के धरले तरी वर्षाचे ७ हजार. आमच्या भागातल्या कोरडवाहू सोयाबीनवाल्या घराला ७ हजार ही काय लहान रक्कम आहे का?

मग असा प्रसंग डोळ्यापुढं आणा. मुदतीचा शेवटचा दिवस, सोसायटीत गर्दी, आणि लाईट गेली. यूपीएस तासभर चाललं, मग तेही गेलं. सचिवाने हाताने पावती फाडली, "उद्या चढवतो" म्हणाला. दुसऱ्या दिवशी सुट्टी. नोंद झाली दोन दिवसांनी. प्रणालीत तारीख पडली दोन दिवसांनंतरची. तुमच्या हातातल्या पावतीवर तारीख आहे मुदतीच्या आतली. खरं कोण?

जुन्या पद्धतीत सचिव, अध्यक्ष आणि तुम्ही बसून हे पाच मिनिटांत मिटवलं असतं. आता तो अधिकार गावात राहिलेला नाही. एका ठिकाणी हिशेब आणल्याचा हा तोटा आहे, आणि तो उघड बोलायला पाहिजे. लबाडी थांबते त्याच कुलपामुळं खरी दुरुस्तीही अडकते.

ब्रिटनमध्ये काय झालं

स्क्रीन आणि माणूस यांच्यात भांडण लागलं तर काय होतं याचं एक फार मोठं उदाहरण आहे. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून देशभरच्या शाखांमध्ये होरायझन नावाची हिशेबाची प्रणाली बसवली, फुजित्सू कंपनीची. हजारो लहान शाखा, बऱ्याच खेड्यापाड्यातल्या, दुकानाच्या एका कोपऱ्यात चालणाऱ्या. त्या चालवणारे सब-पोस्टमास्तर, आपल्या गटसचिवासारखेच. प्रणाली आली आणि हिशेबात तूट दिसायला लागली. एका बाईने मदतीसाठी हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी सांगितलं तशी बटणं दाबली, आणि डोळ्यासमोर तूट दुप्पट झाली.

करारात लिहिलं होतं की तूट आली तर भरपाई सब-पोस्टमास्तरने करायची. लोकांनी घरं गहाण टाकून पैसे भरले. ९०० पेक्षा जास्त लोकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. काही तुरुंगात गेले. प्रत्येकाला सांगितलं जायचं की असा त्रास फक्त तुम्हालाच आहे, बाकी कुणालाच नाही. ॲलन बेट्स नावाच्या एका सब-पोस्टमास्तरने लोक जमवले, ५५५ जण मिळून कोर्टात गेले. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की सॉफ्टवेअरमध्येच दोष होते, आणि शाखेला न कळता बाहेरून तिच्या हिशेबात बदल करता येत होता. जानेवारी २०२४ मध्ये यावर टीव्ही मालिका आली, देश पेटला, आणि त्याच वर्षी संसदेने कायदा करून त्या शिक्षा रद्द केल्या.

आपली प्रणाली तशी आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण त्या गोष्टीतून काही प्रश्न उचलता येतात, आणि ते आपल्याकडंही विचारता येतात. नोंद कुणी केली, कधी केली, नंतर कुणी बदलली याचा माग सोसायटीला स्वतः बघता येतो का? फरक आला तर तक्रार कुणाकडं करायची, आणि तोवर पैसे कुणाच्या अंगावर टाकायचे? आणि सुरुवातीचे काही महिने वही आणि कॉम्प्युटर दोन्ही बरोबर चालवले का? या दुहेरी कामाला सचिव वैतागतात, वैतागणारच, चार गावं आहेत त्यांच्याकडं. पण दोन्हीकडचे आकडे रोज टेकवून बघितल्याशिवाय कोण चुकतंय हे कळायला दुसरा मार्ग नाही.

ट्रस्टवाल्यांसाठी थोडंसं

याच विषयावर दुसरा एक प्रश्न आला होता. मुख्य कार्यालय परभणीला, वसतिगृह एका तालुक्याला, शाळा दोन गावांत, अशी सामाजिक संस्था आहे. प्रत्येक ठिकाणी वेगळी टॅली. सगळं एकत्र करायचंय, कुठून सुरू करू?

सॉफ्टवेअरपासून सुरू करू नका. आधी खात्यांची यादी एक करा. तेच तांदूळ-डाळीचं बिल एका शाखेत "किराणा", दुसरीत "भोजन खर्च", तिसरीत "विद्यार्थी कल्याण". हे तसंच आत टाकलं तर एकत्र ताळेबंदात तीन वेगळे खर्च दिसणार आणि ऑडिटर तुम्हालाच विचारणार. प्रत्येक शाखेला किरकोळ खर्चासाठी ठरावीक रक्कम द्या, बिलं आली की तेवढीच परत भरा. बदल १ एप्रिलला करा, मधल्या महिन्यात नको. आणि शाखेला स्वतःचे आकडे बघायचा अधिकार ठेवा. नुसती बिलांचे फोटो पाठवायची टपालपेटी करून टाकलीत तर सहा महिन्यांत तिथले लोक आपली खासगी वही परत सुरू करतात.

एकत्र करणं तसंही टळत नाही, कारण कायदा संस्थेला एकच मानतो. धर्मादाय आयुक्तांकडं जाणारे हिशेब ३१ मार्चचे आणि सगळ्या शाखांचे मिळून. पॅन एकच. एखाद्या शाखेने एका दुकानदाराला एका दिवशी १० हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर प्राप्तिकरात तो खर्च अमान्य होतो, आणि तो अमान्य होतो संपूर्ण संस्थेचा. परदेशी देणगी घेत असाल तर २०२० च्या दुरुस्तीनंतर ती आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते, मग तुमची शाळा कुठल्या का डोंगरात असेना.

मग बाबांचं कर्ज मोबाईलवर का नाही?

कारण ही प्रणाली सोसायटीच्या टेबलासाठी आणि वरच्या बँकांसाठी बनली आहे. तुमच्या खिशासाठी नाही. पण तुम्हाला काहीच बघता येत नाही असंही नाही.

इथं थोडा इतिहास, कारण मला तो फार आवडतो. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांनी मुख्य काय जाळलं? वह्या आणि कर्जरोखे. आपलं कर्ज जिथं लिहिलंय आणि आपल्याला वाचता येत नाही, तो कागद. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळं ही गोष्ट तिकडची. पण त्यानंतर १८७९ मध्ये इंग्रजांनी दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा केला, त्यात शेतकऱ्याला लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागायचा हक्क दिला. म्हणजे "माझ्या कर्जाची नोंद माझ्याही हातात पाहिजे" ही मागणी आजची नाही. आजच्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मध्येही सभासदाला पासबुक देण्याची तरतूद आहे, आणि त्यातली नोंद देण्याचा पुरावा धरली जाते.

तर घरी गेलात की बाबांना विचारा, सोसायटीचं पासबुक कुठंय. बऱ्याच घरांत ते सोसायटीतच "जमा" असतं. ते मागून घ्या आणि शेवटच्या पानाचा फोटो काढा. गेल्या दोन-तीन वर्षांच्या भरणा पावत्या धान्याच्या कोठीमागं, देव्हाऱ्याखाली असतील, त्यांचेही फोटो काढा. थर्मल प्रिंटरची पावती असेल तर आजच काढा, उन्हाळ्यात शाई उडते. मग सचिवाकडून कर्ज खात्याचा उतारा मागा, प्रणालीतून छापलेला. तीन गोष्टी पासबुकाशी ताडून बघा: मुद्दल, शेवटच्या भरण्याची तारीख, आणि नाव-आधार. सचिवाशी भांडायला जाऊ नका, तो बिचारा तुमच्यापेक्षा जास्त अडकलेला असतो. जाताना मार्चमध्ये नका जाऊ एवढंच.

सातबारावर इतर हक्कात सोसायटीचा बोजा किती दिसतो तेही बघा, हे मात्र मोबाईलवर दिसतं. कर्ज फिटलं आणि बोजा तसाच, हे आपल्याकडं नेहमीचं आहे, आणि ते कॉम्प्युटर आल्याने आपोआप उतरत नाही. त्यासाठी सोसायटीचा दाखला जोडून तलाठ्याकडं अर्ज करावा लागतो.

आणि वार्षिक सर्वसाधारण सभा. ती ३० सप्टेंबरच्या आत व्हायला पाहिजे. बाबा सभासद आहेत, तुम्ही नाही, त्यामुळं बोलायचं त्यांनी. पण अहवाल घरी येतो, तो वाचायचं काम तुमचं. त्यात दोन आकडे शोधा: "बँक देणे कर्ज" आणि "सभासद येणे कर्ज". पहिला दुसऱ्यापेक्षा मोठा असेल तर वजाबाकी करून तो आकडा कागदावर लिहून बाबांच्या खिशात ठेवा. सभेत एवढंच विचारायला सांगा की ही तफावत वहीतून कॉम्प्युटरमध्ये जाताना कुठल्या खात्यात टाकली.